उंबराचं फूल पाहिलंय?

बऱ्याच दिवसांनी कुणी दारात उभं राहिलं की आजी हमखास म्हणते, ‘‘काय रे, अगदी उंबराचं फूल झालास!’’ बाजूला खेळणाऱ्या सात वर्षांच्या नातीचे कान लगेच टवकारतात. उंबराला फूल असतं? मग ते कधी दिसत का नाही?

हा प्रश्न वाया जाऊ देऊ नका. जवळचं उंबराचं झाड गाठा. खाली पडलेलं एक उंबर उचलून मधोमध फोडा आणि तिच्या हातात भिंग द्या. आतल्या भिंतीला दाटीवाटीनं चिकटलेले बारीक दाणे दिसतील. तीच उंबराची फुलं. एक-दोन नव्हे, शेकड्यांनी! आपण ज्याला फळ म्हणतो ती खरं तर आतल्या बाजूला उमलणारी फुलांची बंद परडी आहे. बाहेरून फूल दिसणार कसं?

मग बंद परडीतल्या फुलांपर्यंत पराग पोचतात कसे? देठाच्या समोरच्या टोकाला एक अगदी बारीक भोक असतं. तिळाएवढी एक कीटक-मादी त्यातून अंग चोरून आत शिरते. वाट इतकी अरुंद असते की तिचे पंख तिथंच तुटून पडतात. आत ती अंडी घालते आणि सोबत आणलेले पराग फुलांना लावते. पुढच्या पिढीतले नर आधी जन्मतात. त्यांना पंख नसतात, बाहेरचं जग त्यांच्या नशिबात नसतं. माद्यांशी मीलन करायचं, त्यांना बाहेर पडण्यासाठी भिंतीत बोगदा खणून द्यायचा आणि मरून जायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. माद्या अंगावर पराग घेऊन उडतात आणि दुसरं उंबर शोधतात. उंबराचा कीटक वेगळा, वडाचा वेगळा, पिंपळाचा वेगळा. एकाचं काम दुसरा करत नाही.

उंबर फोडल्यावर किडे उडाले की आपण ‘ई!’ करून ते फेकून देतो. त्याच किड्यांच्या अंगावर पुढच्या उंबरांचा जन्म बसलेला असतो. आणि ऐन उन्हाळ्यात रान कोरडं पडलेलं असतानाही कुठलं ना कुठलं उंबर लगडलेलं असतंच. माकडं, वटवाघळं, उदमांजरं, हरियाल, धनेश, सगळे त्या अन्नछत्रावर येतात. एका वाक्प्रचारातून निघालेला प्रश्न मुलीला थेट जंगलाच्या कोठीघरात घेऊन जातो.

परिसंस्था हा शब्द मुलांना पाठ करायला लावला की ती जांभया देतात. पण आपल्या बोलण्यात, स्वयंपाकघरात, शिव्यांमध्येसुद्धा जंगल आधीच मुक्कामाला आलेलं आहे. मुलांना रानात न्यायचं आणि त्या शब्दांशी त्यांची गाठ घालून द्यायची. चला, सह्याद्रीच्या रानात एक चक्कर मारू.

पळसाला पानं किती?

‘कुठंही जा, पळसाला पानं तीनच.’ मुलांना म्हणावं, मोजा! सगळे पळस तपासा, कुठं चार सापडतात का बघा. अर्धा तास कसा गेला कळणार नाही. वनस्पतिशास्त्रातलं मर्म असं, की ती तीन पानं मिळून एकच पान असतं. तीन पर्णिकांचं संयुक्त पान. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गळाली की पळस भगवा पेटतो. तेव्हा एक फूल नाकाशी धरायला सांगा. वास? काहीच नाही. पळसाची गिऱ्हाइकं म्हणजे पाखरं. ती रंगाला भुलतात, वासाशी त्यांना देणंघेणं नसतं, म्हणून झाडानं अत्तरावर खर्चच केला नाही. उलट रात्री फुलणारी कितीतरी झाडं पांढरीफटक आणि घमघमणारी असतात, कारण त्यांच्याकडे पतंग आणि वटवाघळं अंधारात येतात. एक फूल हुंगून मुलाला अंदाज बांधता येतो की या झाडाकडे पाहुणे दिवसा येतात की रात्री.

पळसाच्या शेजारी सावर असेल तर तिच्या बुंध्याला अलगद बोट लावून बघा. कोवळ्या सावरीला जाडजूड काटे असतात. झाड मोठं झालं की बरेचसे गळून जातात. लहानपणी गुराढोरांनी ओरबाडू नये म्हणून ही तजवीज.

आणि पानगळीच्या रानात चांदण्या रात्री पांढरं शुभ्र, नागडं झाड उभं दिसलं तर घाबरू नका. तो कांडोळ. त्याचं गावाकडचं नाव ‘भुत्या’! दिवसा जवळ जाऊन पाहिलं तर त्याची साल कागदासारखी सुटून येत असते.

सागाची कोवळी पानं तळहातावर चोळली की हात लालेलाल होतो. मेंदीची हौस असलेल्या मुलींना आणि रक्त निघाल्याचं नाटक करणाऱ्या मुलांना हा खेळ सारखाच आवडतो. पावसाळा सरताना सागाचं एखादं पान नुसत्या शिरांची जाळी होऊन लोंबताना दिसेल. एका पतंगाच्या अळ्यांनी मधला हिरवा गर खाऊन शिरा तेवढ्या ठेवलेल्या असतात. ते पान वहीत ठेवायला सांगा. पानाची नळयोजना पाहायला याहून चांगला तक्ता नाही.

मसाल्याच्या डब्यात रान

घरचा गोडा मसाला करताना आई दगडफूल घालते. काळपट, करडं, चुरचुरीत. ते फूल नव्हे, पान नव्हे, झाडही नव्हे. ते आहे दोघांचं घरकुल : बुरशी आणि शैवाल. बुरशी घर बांधते, ओलावा धरून ठेवते. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न शिजवतं. दोघं मिळून अशा खडकांवर आणि बुंध्यांवर राहतात, जिथं एकट्यानं कुणाचंच निभलं नसतं.

दगडफुलाचे कितीतरी भाऊबंद सह्याद्रीतल्या झाडांच्या सालींवर राखाडी, हिरवट, पिवळसर ठिपक्यांसारखे दिसतात. ते पाणी आणि खनिजं थेट हवेतून घेतात, म्हणून हवेतलं विषही थेट त्यांच्या पोटात जातं. त्यामुळे धुरकट शहरात यांच्या बऱ्याच जाती तग धरत नाहीत. मुलांना एक कामगिरी द्या. आपल्या रस्त्यावरच्या दहा झाडांच्या बुंध्यांवर किती ठिपके आहेत ते मोजा, मग भीमाशंकरला किंवा आंबोलीला जाऊन दहा बुंधे मोजा. हवा कुठली चांगली, हे मुलं यंत्राशिवाय सांगतील.

वारूळ कुणाचं?

दहा मुलांना विचारा. निम्मी म्हणतील नागाचं, निम्मी म्हणतील मुंग्यांचं. वारूळ बांधते वाळवी. नाग नंतर आयत्या बिळात येतो, ती म्हण तर आपल्याकडे आहेच! संस्कृतात वारुळाला वल्मीक म्हणतात, त्यावरूनच वाल्मीकी हे नाव आलं.

पण खरी गंमत आत आहे. सह्याद्रीतल्या कितीतरी वाळव्या शेती करतात. माणसाला नांगर ठाऊक होण्याच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून! पालापाचोळा आणि लाकूड त्या चावून आणतात, वारुळात त्याची स्पंजासारखी वाफ रचतात आणि तिच्यावर एक खास बुरशी वाढवतात. लाकडातला कठीण भाग ही बुरशी पचवून देते, मग वाळवी ते खाते. आतली हवा कोंदट होऊ नये यासाठी वारुळात वायुवीजनाची सोयही असते.

पावसाचे पहिले काही झोडपे पडून गेले की याच बुरशीला वारुळातून वर पांढऱ्या छत्र्या फुटतात. कोकणात तिला अळंबी म्हणतात. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात, म्हणून तिथली ही अळमी रोयणीची. जुलै-ऑगस्टमध्ये बाजारात तिला सोन्यासारखा भाव असतो. म्हणजे गोवेकर हौसेनं जे तोंडाला लावतो ते वाळवीच्या शेतातलं पीक! मुलांना हे जरूर सांगा, आणि त्याच श्वासात हेही बजावा : रानात दिसलेली कुठलीही छत्री तोंडात घालायची नाही. खायची कोणती, जीव घेणारी कोणती, हे पिढ्यान्‌पिढ्या वेचणाऱ्या माणसालाच कळतं.

पाखरांचे बलुतेदार

मराठी माणसानं पाखरांना नावं देताना अख्खा गाव वसवला. झाड ठोकतो तो सुतार. दुपारच्या उन्हात ‘टुक टुक टुक’ करत भांडी घडवतो तो तांबट. पानं शिवून घर करतो तो शिंपी. पाण्याकाठी शेपूट आपटत फिरतो तो धोबी. तारेवर बसून सगळ्यांवर लक्ष ठेवतो तो कोतवाल. मुलांना नुसती नावं देऊन सोडा, पक्षी कुठला ते ती वागण्यावरून ओळखतील.

सुताराची जीभ इतकी लांब असते की तोंडात मावत नाही. तिचा आधार कवटीच्या मागून फिरून वर डोक्यापर्यंत जातो. त्यानं कोरून सोडलेल्या ढोलीत नंतर पोपट, साळुंक्या, पिंगळे बिऱ्हाड करतात. एका सुतारानं गावभर घरं बांधून द्यावीत तसं. वठलेलं झाड ‘निरुपयोगी’ म्हणून तोडू नये ते याचसाठी.

कोतवालाचं नाव तर किती अचूक! घरट्याजवळ आलेल्या कावळ्याला आणि शिकऱ्याला तो अंगावर धावून पळवून लावतो. म्हणून बाकीचे लहानसहान पक्षी त्याच झाडावर घरटी बांधतात. पोलीस चौकीशेजारी घर घ्यावं तसं.

सातभाई सदैव घोळक्यानं, पाचोळा उलटत, कलकलाट करत हिंडतात. घोळक्यात ते दर वेळी बरोबर सातच असतात असं नाही, पण एका जोडीच्या पिल्लांना भरवायला बाकीचे मदतीला येतात, हे खरं. काका-मावश्यांनी मिळून पोरं वाढवण्याची ही रीत मुलांना लगेच पटते.

पावसाळ्यात पहाटे घाटातल्या ओढ्याकाठी कुणीतरी मजेत शीळ वाजवत चाललंय असं वाटलं तर तो मलबारी कस्तूर. इंग्रजांनी त्याचं टोपणनाव ठेवलं होतं शीळ घालणारा शाळकरी पोरगा. माणसासारखी, वेडीवाकडी, मध्येच सूर बदलणारी शीळ. मुलं तिला उत्तर दिल्याशिवाय राहत नाहीत.

मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) वनखात्यात राहून आयुष्यभर हेच शब्द गोळा करत राहिले आणि जिथं नव्हते तिथं घडवत राहिले. कावळ्यांच्या वसाहतीला त्यांनी ‘काकागार’ म्हटलं, बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’. मुलांनाही असे शब्द घडवू द्या. माझ्यासोबतच्या एका टोळीनं कोळ्याच्या जाळ्यावरच्या दवाला ‘कोळीमोती’ म्हटलं होतं. तो शब्द आता आमच्या घरात रुळलाय.

शी! काय हे!

आता मुलांच्या सगळ्यात आवडत्या विषयाकडे. विष्ठा!

रानवाटेवर दगडाच्या डोक्यावर बियांनी गच्च भरलेला लेंडका दिसला तर तो बहुधा उदमांजराचा. फळ त्यानं खाल्लं, बिया चालत चालत दुसरीकडे पेरल्या, वर खतही घातलं. केस आणि हाडांचे तुकडे असलेली विष्ठा बिबट्याची असू शकते. तिला हात लावायचा नाही, पण काडीनं दाखवून ‘कुणाला खाल्लं असेल?’ हे कोडं घालायला हरकत नाही.

शेणकिडा मागच्या पायांनी शेणाची गोळी ढकलत नेताना दिसला तर पाच मिनिटं त्याच्या मागून चाला. आफ्रिकेतल्या एका जातीवर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून कळलं की चंद्र नसेल तेव्हा हा किडा आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा ठरवतो. पायाशी शेण आणि नजर आकाशगंगेवर!

पायवाटेच्या कडेला, पाऊस न लागणाऱ्या आडोशाला भुसभुशीत मातीत उलट्या शंकूसारखे खड्डे असतात. तळाशी एक अळी जबडे वासून दडलेली असते. मुंगी घसरली की अळी खालून माती उडवते, मुंगी आणखी घसरते. या अळीला गुदद्वारच नसतं. महिनोन्‌महिने, काही जातींत वर्षभराहूनही जास्त काळ, ती खात राहते आणि सगळं पोटात साठवते. कोष फोडून चतुरासारखा नाजूक पंखांचा कीटक बाहेर येतो तेव्हा पहिल्यांदा मोकळी होते. हे सांगितल्यावर मुलांच्या घोळक्यात जो हलकल्लोळ होतो, तो मी शब्दांत मांडू शकत नाही.

आणि बांडगूळ. फुकट खाणाऱ्या माणसाला आपण ही शिवी देतो. आंब्याच्या फांदीवर वेगळ्याच पानांचा झुबका दिसला तर तेच ते. त्याची बी चिकट असते. फुलटोच्या नावाचा अंगठ्याएवढा पक्षी फळ खातो आणि बी फांदीला पुसून टाकतो, तिथंच ती रुजते. बांडगूळ झाडाचं पाणी चोरतं, हे खरं. पण पानं हिरवी असल्यानं अन्न स्वतः करतं, आणि त्याची फुलं-फळं शिंजीर आणि फुलटोच्याला जगवतात. म्हणजे शिवी अर्धीच खरी.

सुतळीचं रिंगण

हा खेळ मला सगळ्यांत जवळचा, म्हणून इथं थोडं थांबतो.

प्रत्येक मुलाला हातभर सुतळी द्या. जंगलात कुठंही जमिनीवर तिचं रिंगण करायचं आणि पोटावर पालथं पडून पंधरा मिनिटं फक्त त्या रिंगणात पाहायचं. पानं एकेक करून उचलायची, पाहून झाली की होती तशी ठेवायची. पहिली तीन मिनिटं ‘काहीच नाहीये’ असं ऐकू येतं. चौथ्या मिनिटाला कुणीतरी ओरडतं. पुढं मुलं उठायला तयार नसतात.

काय काय सापडतं? अगदी वरती कोरडी, ओळखू येणारी पानं. त्याखाली ओली, काळी पडलेली, भोकं पडलेली. त्याखाली पानांचा नुसता भुगा. त्याखाली माती. वरून खाली बोट नेलं की पानाचं मातीत रूपांतर कसं होतं याचा सिनेमाच दिसतो. वाणी सापडतो, शिवला की गोल गुंडाळी होऊन नाण्यासारखा पडून राहतो, म्हणून त्याला ‘पैसा’ म्हणतात. पाय भरपूर, पण स्वभाव गरीब. कुजका पाला खातो. गोम मात्र शिकारी, तिला दुरून नमस्कार. टुणकन उडणारे खसखशीएवढे जीव दिसतात. पानांना धरून ठेवणारे पांढरे धागे दिसतात, ती बुरशी.

अशाच काही बुरशींचे धागे झाडांच्या मुळांना जाऊन बिलगतात. बुरशी मुळांना मातीतलं फॉस्फरस आणि पाणी आणून देते, झाड तिला साखर देतं. जमिनीखालचा हा देवघेवीचा बाजार नसता तर वरचं रान असं उभं राहिलं नसतं. मुठीएवढ्या मातीत जितके सूक्ष्म जीव असतात, तितकी माणसं पृथ्वीवर नाहीत. आठ-दहा वर्षांच्या मुलाला हे सांगितलं की तो आपल्या हातातल्या मातीकडे पुन्हा एकदा, वेगळ्याच नजरेनं बघतो. त्या नजरेसाठी मी दर पावसाळ्यात सुतळीचं बंडल घेऊन निघतो.

नशीब असेल तर घाटमाथ्यावर पावसात देवगांडूळ दिसेल. दिसायला मोठं गांडूळ, पण त्याला जबडा आहे, दात आहेत, पाठीचा कणा आहे. ते बेडकाच्या गोतातलं, पाय नसलेलं उभयचर. दिसलं तर मारायचं नाही, विषारी साप समजून बिचारी फार मारली जातात.

माळ्यावरचे रहिवासी

जंगल म्हणजे मजल्यांची इमारत. तळमजल्यावर पाचोळा, मग झुडपं, मग मधली झाडं आणि अगदी वर छत. भीमाशंकरच्या छतावर शेकरू राहतं, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ मीटरभर. एका झाडावरून दुसऱ्यावर सहा मीटरपर्यंत झेप. जमिनीवर ते क्वचितच उतरतं, म्हणून दोन झाडांच्या फांद्या एकमेकींना भिडलेल्या हव्यात. मधलं एक झाड तोडलं की त्याचा पूल तुटतो. काड्या-पानांची घरटी ते एक नाही, अनेक बांधतं. मुलांना वर बघत चालायला सांगा आणि घरटी मोजा. १९८५ साली झालेल्या भीमाशंकर अभयारण्याची ओळखच हे शेकरू.

कोकणातल्या देवरायांमध्ये धनेशाचा संसार चालतो. मादी ढोलीत शिरते आणि तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट उरते. काही आठवडे, मोठ्या धनेशात तर तीन महिन्यांहूनही जास्त काळ, नर त्या फटीतून तिला आणि नंतर पिल्लांना भरवतो. नराला काही झालं तर आतले सगळे उपाशी. एवढी मोठी ढोल फक्त जुनाट, अवाढव्य झाडालाच असते, आणि तशी झाडं देवाच्या धाकानं राहिली ती देवराईत. महाराष्ट्रातल्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात मांडला. तुमच्या गावाला देवराई असेल तर मुलांना आधी तिथंच न्या.

आंबोलीची एक गोष्ट चटकन सांगतो. तिथं एक पिवळसर, पट्टेरी भेक आढळते, जी जगात आंबोलीच्या परिसराखेरीज कुठंच मिळालेली नाही. शास्त्रज्ञांनी २००९ साली तिचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि अंगावरच्या पट्ट्यांमुळे नावात वाघ घातला. आंबोलीतल्याच हिरण्यकेशीच्या उगमाजवळ २०२० मध्ये नव्या माशाची नोंद झाली. ‘सगळं शोधून झालंय’ असं वाटणाऱ्या मुलांना ही तारीख दोनदा सांगा.

डोळ्यांपुढे काजवे

मे संपता संपता आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत झाडंच्या झाडं लुकलुकतात. काजव्याचा प्रकाश थंड असतो, उष्णतेत ऊर्जा जवळजवळ वाया जात नाही. प्रत्येक जातीची लुकलुक वेगळ्या तालाची. नर-मादीचं हे प्रकाशातलं बोलणं. काही जातींतल्या मादीला पंखच नसतात, ती खाली गवतात बसून उत्तर देते. आणि ही चमचमणारी नाजूक मंडळी लहानपणी अळी असताना गोगलगायी फस्त करतात!

म्हणून काजवे पाहायला जाताना बॅटरी बंद, मोबाइल खिशात, गाड्यांचे दिवे मालवलेले आणि पाय वाटेवरच. गवतात उतरलं तर माद्या तुडवल्या जातात. एका दिव्यानं त्यांचं बोलणं तुटतं, आणि बोलणं तुटलं तर पुढच्या वर्षीचे काजवे कमी होतात.

पावसाळ्यात भीमाशंकरच्या रानात कुजक्या लाकडावर बुरशी हिरवट उजेड देते. पूर्ण अंधार, भरपूर ओल आणि दहा मिनिटं डोळे सरावण्याची सबुरी, एवढं जमलं तर दिसते. रात्री मात्र वनखात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या असल्याशिवाय जाऊ नका.

एक उघडलेला कप्पा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीची मुंबई. दहा-बारा वर्षांच्या मुलानं एअरगननं एक चिमणी पाडली. गळ्यावर तिच्या पिवळा डाग. ही कोणती? मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. १८८३ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेचे सचिव मिलार्ड यांनी पोराला ‘मोठा झालास की ये’ असं सांगून वाटेला लावलं नाही. ती पीतकंठी चिमणी असल्याचं सांगितलं, आणि कपाटातले कप्पे उघडून पेंढा भरलेले पक्षी एकामागून एक दाखवले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. पुढं १९८५ साली आलेल्या आत्मचरित्राला त्यांनी नावही त्या चिमणीवरूनच दिलं.

मुलासोबत रानात जाणाऱ्याला सगळी नावं यायला हवीत असं नाही. ‘मला माहीत नाही, चल शोधू’ एवढं वाक्य पुरतं.

निघण्याआधी

पूर्ण बाह्यांचे, मातकट रंगाचे कपडे आणि बंद बूट. अत्तर नको, आग्या मोहोळ असलेल्या कड्याखाली तर मुळीच नको. खाजकुयलीच्या मखमली शेंगा आधी ओळखून ठेवा. शिवलं तर दिवस खाजवण्यात जातो. दगड उचलायचा तो आपल्या बाजूनं नव्हे, पलीकडच्या बाजूनं, म्हणजे खाली कुणी असेल तर त्याला पळायची वाट राहते. ढोलीत, बिळात हात घालायचा नाही. आणि दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून ऐकायचं. कागदाच्या मध्ये आपली फुली, आवाज ज्या दिशेनं येईल तिकडे खूण. मी पाहिलंय, सगळ्यात वात्रट पोराच्या कागदावर सगळ्यात जास्त खुणा असतात.

वाघ राहिलाच की! ओल्या मातीत ठसा दिसला तर नखं शोधा. नखांच्या खुणा असतील तर कुत्रा, कोल्हा किंवा तरस. नसतील तर मांजरकुळातलं कुणीतरी, कारण ती चालताना नखं आत ओढून घेतात.

शेवटी कारवीच्या झुडपाचं. हिच्या काठ्यांवर शेणमातीचा लेप देऊन आदिवासी पाड्यांतल्या कुडाच्या भिंती उभ्या राहतात. सात-आठ वर्षं नुसती हिरवी राहते, मग एका पावसाळ्याच्या अखेरीस डोंगरचे डोंगर जांभळे करते, बी धरते आणि मरून जाते. सुकलेली बोंडं पुढच्या पावसाची ओल लागली की टपटप फुटतात आणि बिया दूर फेकतात. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. हाच हिशेब राहिला तर पुढचा बहर २०३२ चा. २०२४ मध्ये पहिलीत असलेलं मूल तेव्हा नववीत असेल. वर्ष आत्ताच वहीत लिहून ठेवा, आणि सोबत कुणाला न्यायचं ते मुलांनाच ठरवू द्या.